मनोरा की नळ?

प्रश्न : लंडनला पाणी पुरवणाऱ्या जुन्या क्यू ब्रिज पंपिंग स्टेशनात चर्चच्या घंटाघरासारखा उंच मनोरा कशाला?

उत्तर : तो 1867 चा, सुमारे 200 फुटी. आत घंटा नाही, उभे लोखंडी नळ आहेत. विटांचं आवरण ते थंडीत गोठून फुटू नयेत म्हणून. खरी गोम इंजिनात आहे. तिथलं 1846 चं कॉर्निश इंजिन म्हणजे 90 इंच रुंद सिलिंडरचं, पाणी ढकलणारं वाफेचं इंजिन. त्याला चाकही नाही, दट्ट्याची हालचाल मर्यादेत ठेवणारा क्रँक (फिरता दांडा) ही नाही. वाफ दट्ट्या खाली ढकलते, झोपाळ्यासारख्या हलणाऱ्या तुळईच्या दुसऱ्या टोकाचं वजन उचललं जातं आणि तेच खाली येताना पाणी ढकलतं. रस्त्यात नळ फुटला की पाण्याचा विरोध संपतो, वजन धाडकन आदळतं, दट्ट्या वर उसळून सिलिंडरच्या झाकणाला धडकतो! म्हणून पाणी आधी मनोऱ्यातल्या नळांतून वर चढवत; त्या उंच पाण्याचा भार इंजिनावर कायम राहत असे. मनोऱ्याचा इटालियन थाट निव्वळ हौसेचा.