आधी डिग्री की डायरेक्ट फ्लाइंग?

ताई, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी सायन्स झालाय, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही आहेत, त्याला डायरेक्ट पायलट ट्रेनिंगला जायचंय आणि घरचे म्हणतायत आधी इंजिनिअरिंग कर मग काय उडायचं ते उड. दीर म्हणतात अमेरिकेत तर डिग्रीशिवाय उभंच करत नाहीत. आणि पैशासाठी द्राक्षबाग विकायचा विचार चाललाय.

नियमाचं म्हणाल तर आपल्याकडे कमर्शियल पायलट लायसन्सला, ज्याला सगळे सीपीएल म्हणतात, डिग्री लागत नाही. वय 18 पूर्ण, बारावी, मेडिकल, 200 तास फ्लाइंग आणि डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम बघणाऱ्या सरकारी संस्थेचे पेपर, झालं. पुढे कॅप्टन व्हायला जे एटीपीएल लागतं त्यालाही डिग्री नाही, 1500 तास लागतात. आणि मला स्वतःला हे योग्यच वाटतं. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी म्हणजे हवामान, रेग्युलेशन्स हे पेपर 70 टक्क्यांना पास होतात, एकेका पेपरला मुलं घाम गाळतात, आणि ढगात कधी शिरायचं नाही किंवा लँडिंग जमत नसेल तर वेळेवर गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं, कधी घ्यायचा हे इंजिनिअरिंगची चार वर्षं शिकवत नाहीत, ते इन्स्ट्रक्टर शेजारी बसून शिकवतो. भारतातलं पहिलं पायलट लायसन्स 1929 मध्ये जेआरडी टाटांना मिळालं, त्यांच्याकडे कॉलेजची डिग्री नव्हती.

दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. तिथल्या मोठ्या एअरलाइन्स वर्षानुवर्षं डिग्री मागायच्या, पण डेल्टाने 2022 मध्ये ती सक्ती काढली. आता तिथे एव्हिएशनची डिग्री असेल तर एअरलाइनसाठीच्या 1500 तासांऐवजी 1000 चालतात, एवढाच फायदा, आणि तो तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजांचा, आपल्या इंजिनिअरिंगचा त्याच्याशी संबंध नाही.

मग डिग्री नकोच का? नाही ताई, मी तसं म्हणत नाहीये. डिग्री विमान उडवायला लागत नाही, ती लागते उडणं थांबलं तर. पायलटचं मेडिकल ठराविक मुदतीने पुन्हा होतं आणि एक साधी शुगर किंवा हार्टची गोष्ट निघाली की लायसन्स खिशात असून माणूस घरी बसतो. जेट एअरवेज 2019 ला बंद पडली, गो फर्स्ट 2023 ला, एका दिवसात कॉकपिटमधून बाहेर आलेली माणसं मी पाहिलीत, त्यातल्या ज्यांच्याकडे फक्त बारावी होती त्यांना दुसरीकडे कुठे अर्ज करायचा हेच कळत नव्हतं. शिवाय सीपीएल हातात आल्यावरही नोकरी लगेच मिळेल असं नाही, वर्ष वर्ष वाट बघणारी मुलं आहेत.

म्हणून माझं म्हणणं, डिग्री करावी पण आधी नाही, बरोबरीने. एअरलाइनमध्ये सिनिऑरिटी जॉइन झाल्या तारखेवर चालते, चार वर्षं उशिरा गेला की पुढे कॅप्टनशिपही मागेच राहते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून बीए-बीकॉम काहीही घेऊ द्या, फ्लाइंग स्कूलमध्ये हवामान खराब, विमान मेंटेनन्सला असे कितीतरी दिवस रिकामे जातात, त्यात तो अभ्यास होतो. हां, एअरफोर्सचं डोक्यात असेल तर वेगळं, एनडीएमध्ये प्रशिक्षणातच डिग्री मिळते आणि पैसेही लागत नाहीत, वय बसत असेल तर ती परीक्षा त्याने द्यायलाच हवी.

आता बागेचं. सीपीएललाच 50-60 लाख धरून चला, टाइप रेटिंगचे, म्हणजे एअरलाइनच्या ठराविक विमानाच्या ट्रेनिंगचे, 10-15 लाख वेगळे, आणि हा खर्च कोणीही लिहून देत नाही की परत मिळेल. त्यामुळे आधी काही हजारांत होणारं क्लास टू मेडिकल, म्हणजे सुरुवातीची तपासणी, करून घ्या आणि त्यात पास झाला की लगेच क्लास वन, जे कमर्शियल पायलटला लागतं. चष्मा चालतो, पण रंग ओळखण्यात अडचण असेल तर तिथेच सगळं थांबू शकतं, आणि ते ॲडमिशन घेतल्यावर कळलेलं एक घर मला माहीत आहे, म्हणून इतकं सांगतोय. क्लास वनचा रिपोर्ट हातात आला की मला कळवा, मग स्कूलचं बोलू, तोवर बागेच्या कागदांवर सही करू नका.