जोडीनं हायडेलबर्गला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे हे २०१२ ते २०१४ जर्मनीतल्या हायडेलबर्गला शिकायला होते. लग्न झाल्यापासून "तुला एकदा ते गाव दाखवायचंय" हे पालुपद चालू आहे. येत्या मे महिन्यात दहा दिवस जायचं म्हणतात. ते कॉलेजवर नोकरीला, मी घरीच; थोडी शेती आहे. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं. व्हिसाला अडचण येईल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर व्हिसा मिळतो. फक्त अर्ज, विमा, विमानाचं तिकीट आणि हॉटेल या चारही ठिकाणी पासपोर्टवरचंच नाव अक्षर न अक्षर आलं पाहिजे. तिकीट बहुधा यजमान काढतात आणि सवयीनं सासरचं आडनाव टाकतात. घोटाळा तिथेच होतो. तुमचा खर्च ते करणार, म्हणून नातं कागदावर दाखवावं लागेल. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत आधी तेवढं उरका. लग्नपत्रिका आणि फोटो यांवर भागत नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, चालणारा घ्या. व्हिसा शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. नकार आला तर परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस लागतात, चौकशी निघाली तर ४५ पर्यंत. मे महिन्याच्या गर्दीत बोटांच्या ठशांसाठी वेळ मिळत नाही, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच धरून ठेवा. लातूरहून मुंबईपेक्षा पुण्याचं केंद्र सोयीचं. ठसे द्यायला दोघांनीही जायचं आहे. यजमान पूर्वी तिकडे राहिले म्हणून त्यांना सूट नाही. त्यांच्या जुन्या पासपोर्टवरचा विद्यार्थी व्हिसा आणि परतीचे शिक्के यांची प्रत मात्र जोडा. माणूस मुदतीत परत आला, हे त्यातून दिसतं.

पैशाबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या. खात्यात किती आहेत याच्याइतकंच ते कसे आले हे पाहतात. वर्षभर चाळीस हजारांवर असलेल्या खात्यात अर्जाच्या आठवड्यात सासऱ्यांनी पाच लाख टाकले, तर तो आकडा मदत करण्याऐवजी संशय वाढवतो. सोयाबीनचे पैसे आले असतील तर आडत दुकानाची पट्टी, सातबारा आणि त्याच तारखेची बँकेतली नोंद एकत्र लावा, सोबत इंग्रजी भाषांतर. यजमानांच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, आयकर विवरण आणि कॉलेजचं रजा मंजुरीचं पत्र हवंच. पत्रात "रुजू होण्याची तारीख" लिहून घ्या.

सोबत पॅरिस वगैरे जोडत असाल तर ज्या देशात रात्री जास्त, त्याच्याकडे अर्ज. रात्री समान असतील तर जिथे आधी उतराल त्याच्याकडे. नकाराविरुद्ध जर्मन वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद आहे. आता नवा अर्ज, नाहीतर बर्लिनचं न्यायालय. कागद पहिल्याच वेळी पक्के लागतात ते यामुळे.

प्रश्न : मी तिकडे शिकले, आता नवऱ्याला घेऊन जाते आहे. "तुझ्या आठवणींच्या मागं मी पिशवी धरून फिरणार का?" असं ते आत्ताच म्हणताहेत. ते शाकाहारी आहेत, गुडघेही कुरकुरतात. चार दिवस कसे लावू? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : त्यांचं म्हणणं रास्त आहे. तुमच्यासाठी ते परत येणं आहे, त्यांच्यासाठी पहिल्यांदा जाणं. म्हणून होस्टेल, लॅब, सायकल लावायची जागा, नेहमीची बेकरी हे सगळं मिळून एक सकाळ. तीही पहिल्या दिवशी नको; तुम्ही हळव्या झालेल्या आणि ते झोपेनं पेंगुळलेले, अशी अवस्था असते. ज्या ठिकाणाला दाखवण्यासारखं काही नाही, फक्त सांगण्यासारखं आहे, ते जेवताना सांगा.

जुने पत्तेही तपासून घ्या. विद्यापीठाची दक्षिण आशियाच्या अभ्यासाची संस्था, साउथ एशिया इन्स्टिट्यूट, तुमच्या वेळी नॉयनहायमर फेल्ड या परिसरात असेल, तर २०१९ पासून ती बेर्गहाइम भागात फॉसश्ट्रासे या रस्त्यावर आहे. हे ठिकाण मात्र त्यांनाही दाखवा. धनगर आणि खंडोबा यांच्या परंपरांवर आयुष्य घालवणारे गुंथर सोन्थायमर (निधन १९९२) याच संस्थेत होते. नळदुर्ग-अणदूरच्या खंडोबाला जाणाऱ्या माणसाला एवढा धागा पुरतो.

किल्ल्यावर कोर्नमार्क्ट या जुन्या गावातल्या चौकापासून पायऱ्यांनी जाऊ नका, तीनशेच्या वर आहेत. किल्ल्याच्या तिकिटातच तिथून वर नेणाऱ्या दोराच्या रेल्वेचं भाडं धरलेलं असतं, तिनंच जा. आत १७५१ चं लाकडी पिंप आहे, सुमारे २ लाख २० हजार लिटरचं. "मोठं पिंप" म्हटलं तर ते मान डोलावतील. दहा हजार लिटरचे बावीस टँकर म्हणा, लगेच वर चढून डोकावतील. विद्यापीठाची जुनी तुरुंगकोठडी, कार्त्सर, हीसुद्धा पाहा. १९१४ पर्यंत दंगेखोर विद्यार्थ्यांना तिथे डांबत, आणि भिंती त्यांनी केलेल्या रंगकामानं छतापर्यंत भरल्या आहेत.

नदीपलीकडच्या डोंगरावरच्या फिलॉसॉफेनवेग या फिरायच्या वाटेला सगळे जुन्या पुलासमोरच्या श्लांगेनवेगनं चढतात. ती दगडी, उभी, वळणावळणाची वाट गुडघ्यांना चढताना एक त्रास देते, उतरताना दुप्पट. तुम्ही नॉयनहाइमच्या बाजूनं चढा. सुरुवातीचा चढ तिथेही आहे, पण रस्ता डांबरी आहे. वर गेल्यावर जवळपास सपाट. परतही त्याच वाटेनं. संध्याकाळी जा, समोरचा लाल दगडाचा किल्ला तेव्हा उजळतो.

जेवणाला मार्श्टालची मेन्झा, म्हणजे विद्यार्थ्यांची खानावळ, दाखवाच. थाळी आपण भरायची, गल्ल्यावर वजन करून पैसे. बटाटे आणि रसदार भाज्या जड, सॅलड हलकं, त्यामुळे भुकेल्या माणसाची पहिली थाळी महाग पडते. विद्यार्थी कार्ड नसल्यानं तुम्हा दोघांनाही पाहुण्यांचा दर लागेल (हा धक्का तुम्हालाच जास्त बसेल). मे महिना पांढऱ्या श्पार्गेलचा, म्हणजे शतावरीच्या कोंबांचा. बटाट्यासोबत देतात, पण वर हॅम टाकण्याची पद्धत आहे. "ओने शिंकेन" (हॅमशिवाय) म्हणा, आणि हॉलंडेज सॉसमध्ये अंडं असतं हे लक्षात ठेवून वितळलेलं लोणी मागा. रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा. यांना हे सांगायचं राहिलं की रविवारचा चहा कोरा होतो.

प्रश्न : नांदेडहून निघून फ्रँकफर्टला उतरणार. पुढे हायडेलबर्गपर्यंतचं रेल्वेचं तिकीट आधीच काढून ठेवावं का? सगळीकडे चालणारा पास घ्यावा का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : स्वस्त "श्पारप्राइस" तिकीट एकाच गाडीला बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं तर ते वाया जातं. रेल्वेचाच उशीर असेल तरच सवलत. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं आलेल्या नव्या पद्धतीत सीमेवर पहिल्या वेळी ठसे आणि फोटो घेतात, रांग हलत नाही. तिकीट उतरल्यावर काढा, किंवा थोडं महाग पण कोणत्याही गाडीला चालणारं घ्या.

डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या साध्या गाड्या-बसगाड्यांचा मासिक पास, जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो, दरडोई वेगळं. ते कॅलेंडर महिन्याचं असतं. २७ एप्रिल ते ५ मे असा प्रवास आखलात तर दोनदा पैसे जातील. आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत चालत नाही. विमानतळावर दोन स्टेशनं आहेत. तुम्ही प्रादेशिक स्टेशनावरून एस-बाननं (लोकल गाडीनं) फ्रँकफर्ट मुख्य स्टेशन, तिथून डार्मश्टाट-बेन्सहाइम मार्गाची साधी गाडी धरा. दीड-दोन तास धरून चाला. बहुतेक ठिकाणी पैसे युरोपीय बँक खात्यातून वळते होतात, म्हणून क्रेडिट कार्ड घेणारं ॲप शोधा. आणि ही वर्गणी आहे, आपोआप बंद होत नाही. चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केली नाही तर पुढचे ६३ युरो जातात. दोघांच्या दोन वर्गण्या, दोन्ही रद्द करा.

प्रश्न : जुन्या घरमालकीणबाईंसाठी कुंथलगिरीचे पेढे न्यावेत का? – एक वाचक, धाराशिव

उत्तर : नको. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून प्रवाशांनी युरोपीय संघात न्यायला बंदी आहे. पेढा, खवा, तूप, पनीर सगळं त्यात आलं. केशर आंबाही कृषी दाखल्याशिवाय चालत नाही. येसर, शेंगदाण्याची चटणी, पापड, ज्वारीचं पीठ खुशाल न्या. धपाटे दह्याशिवाय मळा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर इथल्याच विमानतळावर काढून घेतात, कारण तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात. घरमालकीणबाईंना पैठणीच्या कापडाचा बटवा द्या.