नैरोबीत घर बघताना दुसरी वाट विचारा

नैरोबीच्या उत्तरेला लागून असलेल्या रुआकात घर परवडतंय, नकाशात शाळा दीड किलोमीटरवर दिसते, मुलगी चालत जाईल का, असं तुम्ही विचारलंत. परमिट, लसी वगैरे सरकारी संकेतस्थळावर आहे, ते सोडते. पण ‘चालत’ हा शब्द वाचून राहवलं नाही.

तिथली जमीन म्हणजे लांब सोंडा आणि मधून ओढे, बहुतेक वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारे. रस्ते सोंडेच्या माथ्याने जातात. एका सोंडेवरून दुसरीवर जायला पूल मोजकेच. कॉफीचे मळे विकले गेले तसे ज्याने त्याने आपल्या तुकड्यात पन्नास बाय शंभर फुटांचे प्लॉट पाडले, मधून एक रस्ता काढला आणि कुंपणाशी संपवला. शेजाऱ्यानेही तेच केलं. ते दोन रस्ते जोडणार कोण? वर एस्टेटला, म्हणजे बंदिस्त वसाहतीला, विजेच्या तारांची भिंत, एकच फाटक, फाटकावर अस्कारी, म्हणजे पहारेकरी. 2022 मध्ये म्लोलोंगो ते वेस्टलँड्स 27 किलोमीटरचा टोलवाला एक्स्प्रेसवे झाला, गाडीवाल्यांची सोय झाली. गल्ल्या होत्या तिथेच अडल्यात.

आमच्या गॅलरीतून मुलाच्या शाळेचं मैदान दिसायचं. बस मात्र पावणेसहाला, कारण सगळ्या एस्टेटी एकाच मुख्य रस्त्यावर ओतायच्या. शाळेचं तर विचारूच नका. पुण्याहून पाचवी पास होऊन आला, यांचं सत्र सप्टेंबरचं, ‘वयात बसत नाही’ म्हणून परत पाचवीत. दाखल्यावर नोटरी हवी, मग शिक्का चुकीचा, मग मूळ प्रत कुरियरने मागवा. एवढं करून निर्णय तोच. मुलगा आता कॉलेजात आहे, तो हसतो त्यावर. मला अजून हसू येत नाही.

एकटेपणा? महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती होतो, पार्कलँड्सला कढीपत्ताही मिळतो. होतं सवयीने. फक्त सदाशिव पेठेत बोळातून बोळात शिरत कुणाकडेही टपकायचे, ते इथे नाही. भिंतीपलीकडच्या मैत्रिणीकडेही गाडी काढून जावं लागतं आणि मग जाणंच कमी होतं. नवऱ्याला हे पटत नाही, तो म्हणतो तुला बागेचं घर मिळालं ना.

तर घर सोमवारी सकाळी साडेसहाला बघा, रविवारी नको. एजंटला नाही, घरकामाला येणाऱ्या बायकांना विचारा त्या कुठून येतात. पायवाटा त्यांनाच माहीत असतात, आणि कुठली कधी भिंत घालून बंद झाली तेही. यजमानांचं ऑफिस वेस्टलँड्सला की इंडस्ट्रियल एरियात, तेवढं कळवा. इंडस्ट्रियल एरियात असेल तर रुआका डोक्यातून काढा, तो शहराच्या पलीकडच्या बाजूला आहे.