सीमालढा, कॅटलोनिया आणि निपाणीच्या वखारी

तुमचे प्रश्न दोन आहेत. कॅनडातला क्वेबेक, स्पेनमधला कॅटलोनिया इथल्या वेगळं होण्याच्या चळवळींसारखाच आपला सीमालढा आहे का? आणि बेळगाव-खानापूर-निपाणीत एवढी मराठी माणसं असून सीमालढा चालवणारी महाराष्ट्र एकीकरण समिती विधानसभेला का पडते?

पहिली गोष्ट, आपल्याकडं कुणी वेगळा देश मागत नाही. 1956 ला म्हैसूर राज्यात घातलेला मराठी भाग महाराष्ट्राला द्या, एवढीच मागणी आहे. महाराष्ट्र 2004 ला त्यासाठीच सर्वोच्च न्यायालयात गेला. पण चळवळीच्या पोटात शिरलं की साम्य दिसतं. घोषणा भाषेच्या असतात आणि खाली कोण कुणाच्या हाताखाली राबतं याचा हिशेब चाललेला असतो.

मॉन्ट्रियलमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण 1960 च्या आसपासही कारखान्यातला साहेब इंग्रजीच. त्या रागावर क्वेबेकची चळवळ पोसली आणि 1995 च्या सार्वमतात वेगळं होण्याच्या बाजूनं 49.42 टक्के मतं पडली. कॅटलोनियात उलटं. प्रांत श्रीमंत, आणि दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाकडून पोटासाठी आलेले मजूर स्पॅनिश बोलणारे. बार्सिलोनाभोवतीच्या त्या कामगार वस्त्यांत स्वातंत्र्याच्या मागणीला आतल्या कॅटलान गावांसारखा जोर कधी आला नाही.

बेळगावची गंमत अशी की आपण दोन्ही बाजू भोगल्या आहेत. मुंबई इलाख्यात असताना शाळा, वकिली, कचेरी सगळीकडं मराठी जाणणाऱ्याचं वजन होतं, आणि कन्नड लिंगायत समाजाला ते टोचत होतं. 1916 ला सात तरुण शिक्षकांनी केएलई ही शिक्षणसंस्था काढली, त्यामागं शिक्षणात मागं पडल्याची हीच टोचणी होती. आपल्या सभांत हे कुणी सांगत नाही, पण समोरच्याचा कडवेपणा त्याशिवाय कळायचा नाही. 1956 नंतर पारडं फिरलं. शेताचा उतारा कन्नडात, नोटीस कन्नडात, आणि आपलीच जमीन आपल्याच नावावर आहे का, हे दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. 1986 ला कन्नडसक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं गेली. त्यात अस्मिता होतीच, पण पोराला नोकरी कुठं लागणार ही धास्तीही तेवढीच होती.

आता मराठी माणसातल्या भेगा. निपाणी बघा. मराठी गाव, सीमाभागातलं बिनीचं. तिथला सर्वांत मोठा लढा मात्र तंबाखूच्या भावासाठी झाला. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवून धरला, आणि 6 एप्रिलच्या गोळीबारात 12 शेतकरी मारले गेले. त्याच काळात वखारीतल्या बायका संघटित होत होत्या. दिवसभर तंबाखूच्या धुरळ्यात बसायचं, नाकातोंडाला पदर लावायचा, संध्याकाळी मुकादम देईल ती मजुरी घ्यायची. त्या बाईला वखारवाला मराठी आहे की आणखी कोण, यानं काय फरक पडणार होता? इकडं बेळगावच्या वडगाव-खासबागला मागावर बसणारा विणकर तर दोन्ही भाषांत बोलतो. त्याची चिंता सुताच्या दराची.

समितीनं ही माणसं मोर्चाला आणली, त्यांचे प्रश्न मात्र फारसे हाती घेतले नाहीत, असं माझं मत आहे. पुढारीपण बहुतेक शेतीवाल्या मराठा घरांत आणि शहरातल्या मोजक्या गल्ल्यांत राहिलं. दलित, मुस्लिम, वखारीतल्या बायका व्यासपीठावर किती दिसल्या, तुम्हीच आठवा.

आणि मतांचं म्हणाल तर भाषेची ओढ संपलेली नाही. 2021 च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला लाखावर मतं पडली. विधानसभेला मात्र 2018 ला शून्य, 2023 ला शून्य. रस्ता, पाणी, सोसायटीचं कर्ज यासाठी सत्तेतला माणूस लागतो, आणि राष्ट्रीय पक्ष आता मराठी चेहऱ्यालाच तिकीट देतात. 2023 ला खानापुरात भाजपनं तेच केलं आणि जागा घेतली. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीत चालणारे कितीतरी जण त्या मतदारांतही असणार. 2018 ला समितीचेच दोन गट एकमेकांविरुद्ध उभे होते, तेव्हा नुसती मतदारांना नावं ठेवणं मला पटत नाही.