नुसती रविवारची टर्फ

“मॅडम, सव्वीस पूर्ण झाली. उशीर झालाय का, तेवढं स्पष्ट सांगा.”

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. विचारणारे बदलतात. कुणी पाचव्यांदा पूर्व परीक्षा देणारा असतो, कुणी मुलं मोठी झाल्यावर बी.एड. करायला निघालेली असते. हा फुटबॉलवाला होता. त्याला इथं विनायक म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. राहायला मिरजेत, कामाला कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर. पहिली पाळी संपवून थेट आला होता. हात धुतलेले, पण नखांत कटिंग ऑइलची काळी रेघ तशीच.

झोप उडालेली. घरात वडिलांशी दोन महिने अबोला. स्थळं यायला लागली आणि वडिलांनी एक दिवस त्याचे फुटबॉलचे बूट उचलून माळ्यावर टाकले, तिथून हे सुरू झालं. “माझं आयुष्यच माळ्यावर टाकलं की त्यांनी,” असं तो म्हणाला तेव्हा त्याचा गळा भरून आला होता.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच भेटीत त्याला धीर द्यावा म्हणून मी जेमी व्हार्डीची गोष्ट सांगितली. सोळाव्या वर्षी क्लबनं काढून टाकलेला पोरगा, कारखान्यात काम करत खालच्या लीगमध्ये खेळत राहिला, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पहिला सामना खेळला तो २७व्या वर्षी, आणि २०१६ला लेस्टर सिटीबरोबर विजेता झाला. पोरगा उजळला. मला बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात तो मोबाइलमध्ये अशा अकरा खेळाडूंची यादी आणि टाइप केलेला राजीनामा घेऊन हजर! नोकरी सोडून गोव्याला ट्रायलला जायचं ठरलं होतं.

उशिरा उगवलेल्यांच्या गोष्टी आपण गंडादोऱ्यासारख्या वापरतो. दंडाला बांधल्या की झालं. त्या दिवशी मी तो गंडा सोडून बघायचं ठरवलं. कोरा कागद घेतला, तीन रकाने आखले. नाव, पदार्पणाचं वय, आणि ‘त्याच्या आदल्या वर्षी काय करत होता?’

लेस्ली कॉम्प्टन. १९५०च्या नोव्हेंबरात वेल्सविरुद्ध इंग्लंडकडून पहिल्यांदा उतरला तेव्हा वय ३८ वर्षं ६४ दिवस. गोलरक्षक सोडले, तर इंग्लंडकडून इतक्या उशिरा पदार्पण आजवर दुसऱ्या कुणाचं नाही. (याचाच धाकटा भाऊ डेनिस, युद्धकाळात होळकर संघाकडून रणजी खेळलेला.) तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं? आर्सेनल. १९३०च्या दशकापासून तोच क्लब, मधली सहा-सात वर्षं महायुद्धानं खाल्लेली.

रिकी लँबर्ट. ३१व्या वर्षी, २०१३ला वेंब्लीवर स्कॉटलंडविरुद्ध बदली म्हणून आला आणि पहिल्याच स्पर्शात हेडरनं गोल. विनायकला तो व्हिडिओ पाठ होता. एका क्लबनं सोडल्यावर लँबर्ट कारखान्यात बीटरूटच्या बरण्यांना झाकणं लावायचा, हेही त्याला ठाऊक होतं. झाकणं लावायच्या त्या दिवसांत तो एका क्लबमध्ये बिनपगारी सराव करत होता, हे मात्र त्याच्या यादीत नव्हतं.

मग इटलीचा दारियो हुबनर. हा माझा लाडका. १९९७ला मिलानमध्ये सगळं स्टेडियम इंटर क्लबच्या नव्या रोनाल्डोला, म्हणजे ब्राझीलच्या रोनाल्डोला, बघायला आलेलं. ब्रेशा क्लबकडून सेरी-आ म्हणजे इटलीच्या सर्वांत वरच्या लीगमधला आयुष्यातला पहिलाच सामना खेळणाऱ्या तीस वर्षांच्या हुबनरनं त्या दिवशी गोल केला. सामना इंटरनं फिरवला, ते सोडा. पुढे २००१-०२च्या हंगामात, पस्तिशीला टेकलेला असताना, २४ गोल करून तो त्या लीगचा संयुक्त सर्वाधिक गोल करणारा ठरला. तिसरा रकाना: दहा वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये, हंगामामागून हंगाम.

विनायक स्वतःच लिहीत होता. हुबनरपाशी पेन थांबलं. मी म्हटलं, “आता तुझं नाव लिही.”

नाव लिहिलं. वय लिहिलं. तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवून बराच वेळ बसला. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं, ‘रविवारी टर्फ’.

कंपनीतल्या पोरांबरोबर, कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानावर, आठवड्यातून तासभर, सहा-सहाजणांत. नव्वद मिनिटांचा सामना खेळून दीड वर्ष झालं होतं. का, तर एका स्थानिक स्पर्धेत त्याच्या जागी अठरा वर्षांच्या पोराला उतरवलं. हा बाकावर बसला. दुसऱ्या दिवसापासून सरावाला गेला नाही. कुणी बोलवायलाही आलं नाही. हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं, मला पहिल्या भेटीत सांगितलं नव्हतं. ‘वय निघून गेलं’ म्हटलं की निदान दोष कॅलेंडरचा होतो; ‘मला बाकावर बसवलं’ हे सहन होणारं नव्हतं.

मग दुसरी कडू गोष्टही सांगितली. इंग्लंडात वरच्या लीगखाली लीगची शिडी आहे, पायरीवर पायरी. उशिरा चढणाऱ्यालाही पाय ठेवायला जागा मिळते. आपल्याकडे ती शिडी आखूड. कोल्हापुरात तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने आहेत, शाहू स्टेडियम भरतं, पण त्याच्या वरची पायरी फार उंचावर आहे. दीड वर्ष बसून राहिलेल्या सव्वीस वर्षांच्या मुलाला थेट आयएसएलचं, म्हणजे इंडियन सुपर लीगचं, दार उघडेल असं मला वाटत नाही, असं सरळ बोलले. तो रागावला. नमस्कारही न करता गेला. समुपदेशक म्हणजे गोड बोलणारी बाई, असा समज असलेल्यांचा असा हिरमोड होतो.

पण आला परत. राजीनामा डिलीट केला नव्हता, पाठवलाही नव्हता. या वेळी वडिलांना सोबत आणलं. ते हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून निवृत्त झालेले, खुर्चीच्या कडेवर टेकून बसले. “खेळू नको म्हणून कवा म्हटलंय मी? नोकरी सोडू नको म्हणतोय.” आणि बूट? “दारात वर्षभर नुसतं पडलं होतं, मॅडम. त्यात उंदरानं घर केलं. येता-जाता ते बघवंना मला.”

विनायकनं बापाकडं पाहिलं. त्याला वाटलं होतं, कुणाच्या लक्षातच आलं नाही.

ठरलं ते साधंच. दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात सकाळी सहाला जुन्या टीमच्या सरावाला जायचं. सुपरवायझरशी पाळी बदलून घ्यायची. त्या अठरा वर्षांच्या पोराला स्वतः जाऊन भेटायचं. याला तीन आठवडे लागले.

चार महिन्यांनी फोन आला. शनिवारची वेळ गुरुवारी मिळेल का, शनिवारी मॅच आहे. गुरुवारी आला तेव्हा मी विचारलं, मागची मॅच कशी झाली.

“बाकावरच होतो. शेवटची बारा मिनिटं मिळाली.”

“आणि?”

“दम लागला. आप्पा आलते बघायला.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, बूट फाटलेत, नवं घे.”