सलग नाईट ड्युटी, दिवसा झोप लागत नाही, पहाटे डोळे मिटतात: हा आजार आहे की थकवा?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कोल्हापुरात आयसीयूत स्टाफ नर्स, सलग सहा नाईट, रात्री 8 ते सकाळी 8. कागलला स्कूटरवरून घरी. साडेनऊला अंग टाकलं की दीडला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही. पहाटे चारला उभ्या उभ्या डुलकी येते. सासूबाई म्हणतात, दुपारपर्यंत काय झोपायचं. हा आजार का, आणि झोपेची गोळी चालेल का?

गोळीचं आधी सांगतो, कारण वॉर्डात ती हाताशी असते. अल्प्राझोलाम (घबराट कमी करणारी, गुंगी आणणारी गोळी) स्वतःच्या मनाने सुरू करू नका. शरीरातून ती निम्मी व्हायलाच साधारण 11 तास लागतात, म्हणजे सकाळी घेतलेली गोळी रात्रीच्या ड्युटीवर तुमच्यासोबत येते. सवय लागते, आणि घोरण्याचा त्रास असेल तर तो वाढतो. अविल, सेटिरिझिन या ॲलर्जीच्या गोळ्यांनी गुंगी येते, पण तीही उठल्यावर रेंगाळते.

आता दीडला जाग का येते ते बघू. झोपेवर दोन गोष्टींचा ताबा असतो. एक, तुम्ही किती तास जाग्या आहात. जितके तास जास्त तितकी झोपेची ओढ जास्त. दुसरी, मेंदूतलं घड्याळ, जे डोळ्यांत पडणाऱ्या उजेडावर चालतं. 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक या घड्याळाची पेशीतली यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना मिळालं. सकाळी घरी येता तेव्हा ओढ भरपूर असते, म्हणून लगेच झोप लागते. पण बाहेर दिवस वर येतो, शरीराचं तापमान चढतं, मेलॅटोनिन, म्हणजे अंधारात वाढणारं झोपेचं संप्रेरक, उतरलेलं असतं. चार तासांत ओढ निम्मी फिटली की घड्याळ जिंकतं आणि तुम्हाला उठवतं. पहाटे 3 ते 5 मध्ये नेमकं उलटं: तापमान सर्वांत खाली, मेलॅटोनिन वर. तेव्हा डोळे मिटणं हा तुमचा हलगर्जीपणा नव्हे.

त्यामुळे एकसलग आठ तास झोपायचा हट्ट सोडा आणि झोप दोन हप्त्यांत घ्या. पहिला साडेनऊ ते दीड, दुसरा तीन ते साडेचार. दुसरा हप्ता संध्याकाळी सहावर ढकलू नका. त्या वेळी घड्याळ माणसाला जागं ठेवायलाच बसलेलं असतं, नुसतं पडून राहाल. खोली खरोखर अंधारी हवी. साध्या पडद्यातून उजेड येतोच, खिडकीला आतून जाड चादर किंवा गोधडी ठोका. पंख्याचा एकसुरी आवाज भंगारवाल्याच्या भोंग्यावर बराच उतारा ठरतो. आणि सासूबाईंना घड्याळाचा हिशोब करून दाखवा: तुमचे सकाळचे साडेनऊ म्हणजे त्यांचे रात्रीचे साडेदहा. रात्री साडेबाराला त्यांना कुणी गॅस सिलिंडर आला म्हणून उठवत नाही.

सर्वांत धोक्याची नाईट पहिली असते, आणि याकडे फार कमी जणी लक्ष देतात. त्या दिवशी तुम्ही सकाळी 7 ला उठलात तर रात्री 12 ला 17 तास जागरण होतं. एवढ्या जागरणानंतर माणसाची चपळाई साधारण 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखी घसरते. आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा 30 आहे. सकाळी 8 ला पुढच्या सिस्टरकडे पेशंट सोपवेपर्यंत (हँडओव्हर) 25 तास होतात. म्हणून पहिल्या नाईटच्या दुपारी दीड-दोन तास झोपणं मी ड्युटीचाच भाग मानतो.

ड्युटीत, सोबतची सिस्टर बेड सांभाळायला असेल आणि इन्चार्जची परवानगी असेल तर एक ते तीनच्या दरम्यान 20 मिनिटांची डुलकी घ्या, गजर लावून. त्याच्या आधी चहा प्या. कॅफिन चढायला 20-30 मिनिटं लागतात, म्हणजे उठताना ते कामाला येतं. चाळीस-पन्नास मिनिटं झोपलात तर गाढ झोपेतून उठाल आणि बराच वेळ डोकं जड राहील. छोट्या डुलकीनंतरही पहिली 10-15 मिनिटं औषध काढू नका. कॅफिन निम्मं व्हायला सुमारे 5 तास लागतात, त्यामुळे तीननंतर चहा-कॉफी बंद. जेवण ड्युटीआधी, मध्यरात्रीनंतर हलकंच काही. सकाळी उपाशी झोपू नका, पण कट मारून मिसळही नको. आडवं झालं की छातीत जळजळणार.

पहाटेच्या चुका कुठे होतात ते ठाऊक असेल तर अडवता येतात. इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे एका मिलिलिटरला 40 युनिटची आणि 100 युनिटची, अशा दोन्ही व्हायल्स (औषधाच्या बाटल्या) असतात. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, केशरी टोपणाची 100 साठी. 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 10 च्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला 25 युनिट जातात. तीन ते सहामध्ये इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त पातळ ठेवणारं), पोटॅशियम क्लोराईड आणि शिरेतून औषध सोडणाऱ्या पंपाचा रेट दुसऱ्या सिस्टरने मोठ्याने वाचून तपासल्याशिवाय देऊ नका. 'माझं बघ गं' म्हणून नुसती सही घेणं म्हणजे तपासणं नव्हे.

आणि घरी जाणं. हायवेवर स्कूटर, त्यात साखर कारखाने सुरू असताना उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा असेलच असं नाही. डोळे जड असतील तर निघण्याआधी हॉस्पिटलातच 20 मिनिटं झोपा, किंवा एसटी धरा. काळा गॉगल घातला तर घड्याळाला कमी उजेड मिळतो आणि नंतर झोप बरी लागते, पण गुंगीही वाढते. म्हणून तो बसमध्ये घाला, स्वतः गाडी चालवताना नको.

सलग सहा नाईट मात्र जास्तच आहेत, हे इन्चार्ज सिस्टरशी बोला. दोन-तीन नाईट, मग ऑफ. मॉर्निंगनंतर इव्हिनिंग आणि मग नाईट असा पुढे सरकणारा क्रम. दोन ड्युट्यांत निदान 11 तास. घड्याळाला मागे येण्यापेक्षा पुढे सरकणं सोपं जातं.

आजार का, ते ओळखायची कसोटी: आठवडाभर रजा घेऊन रात्री झोपून पाहा. सात-आठ तास झोप झाली आणि ताजंतवानं वाटलं, तर दोष घड्याळ आणि ड्युटी यांच्या भांडणाचा. हा त्रास तीन महिन्यांहून जास्त टिकला तर त्याला शिफ्ट वर्क डिसऑर्डर म्हणतात, आणि त्यावर उपचार आहेत. रजेतही आठवड्यातून तीन रात्री झोप येत नसेल तर निद्रानाशाकडे बघायला हवं. त्यावर पहिला उपाय वर्तन-उपचार आहे, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलणं, गोळी नव्हे. आठ तास झोपूनही सकाळी डोकं दुखतं, मरगळ असते, तर झोपेत श्वास अडकत असू शकतो. बायकांमध्ये घोरणं मोठं नसतानाही हे असतं. त्याला रात्रभराची स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास वगैरे मोजणारी तपासणी, लागते. श्वासात तासाला 5 किंवा जास्त अडथळे म्हणजे दोष आहे, 30 च्या वर गंभीर. पडल्यावर पायांत वळवळ होऊन ते हलवावेसे वाटत असतील तर फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी, करा. हिमोग्लोबिन चांगलं असूनही ते कमी असू शकतं; या त्रासात 75 च्या आत असेल तर डॉक्टर लोह सुरू करण्याचा विचार करतात. डोळ्यांवर झोप नसते, नुसती शक्ती गेल्यासारखी वाटते, असं असेल तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-12 सुद्धा. मन कशातच लागत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

ओपीडीत जाताना 14 दिवसांची वही न्या: ड्युटी कोणती, कधी झोपलात, कधी उठलात, चहा किती, डुलकी कुठे आली. छातीविकार विभागात दाखवा, नाईट संपवून तसंच नको, ऑफच्या दिवशी. मिस्टरांना सोबत न्या. घोरता का, श्वास थांबतो का, हे त्यांनाच सांगता येईल.