प्रश्न क्र. १७ : प्रश्नावली तयार करणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. श्रवणयंत्र बसवताना ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) प्रत्यक्षात काय करतात, हा विषय चांगलाच आहे. पण ४२ प्रश्नांतल्या निम्म्यांत कुठे माणसाचं मत विचारलंय, कुठे ज्ञान तपासलंय, आणि सगळ्या उत्तरांवर शिक्का मात्र ‘क्लिनिकल प्रॅक्टिस’चा बसणार आहे. सर्व्हेत हाती येतं ते माणूस सांगतो तेवढंच. तो सांगतो ते आणि करतो ते यांत अंतर असतं, आणि ते बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकतं. नियमावलीत जे करावं असं लिहिलंय, ते केल्याचं जास्त सांगितलं जातं. यात लबाडी असतेच असं नाही. नीट केलेलं काम लक्षात राहतं, गर्दीच्या दिवशी राहून गेलेलं विसरतं. प्रश्न लिहिताना लागणारी सगळी मेहनत हे अंतर कमी करण्यासाठी असते.

तुझा १७ वा प्रश्नच घेऊ. ‘श्रवणयंत्र बसवताना तुम्ही रिअल इअर मेजरमेंट करता का? नेहमी / बहुधा / कधीकधी / क्वचित / कधीच नाही.’ म्हणजे कानात बारीक नळी (प्रोब ट्यूब) घालून, यंत्राचा आवाज पडद्याजवळ प्रत्यक्ष किती पोचतो ते मोजणं.

ज्याच्याकडे ते मशीनच नाही तो ‘कधीच नाही’ म्हणेल, आणि मशीन असून धूळ खात पडलंय तोही तेच म्हणेल. तुझ्या तक्त्यात दोघं एकाच रकान्यात जातील. एकाची अडचण पैशांची, दुसऱ्याची वेळेची किंवा प्रशिक्षणाची, हे कळणारच नाही. मुलं आणि प्रौढ यांच्यात एकच माणूस वेगळं वागतो, तेही इथे मिसळलं. ‘करता’ म्हणजे नेमकं काय, हाही प्रश्नच आहे. प्रोब ट्यूब कानात घालून एकदा आलेख पाहिला तरी एखाद्याच्या हिशेबी ‘केलं’. दुसरा हळू, मध्यम आणि मोठा अशा आवाजाच्या तिन्ही पातळ्यांना यंत्राचं आउटपुट त्या रुग्णासाठी ठरलेल्या टार्गेटशी जुळवेपर्यंत ‘केलं’ म्हणणार नाही. आणि ‘बहुधा’ कुणासाठी दहांत सहा असतं, कुणासाठी दहांत नऊ.

त्या एका प्रश्नाचे चार कर. पहिला मशीनबद्दल: ‘आहे आणि चालू आहे / आहे पण वापरात नाही / नाही / माहीत नाही’. दुसरा आकड्याचा: ‘गेल्या ४ आठवड्यांत १८ वर्षांवरच्या किती जणांना तुम्ही स्वतः नवीन श्रवणयंत्र बसवलं?’ उत्तर शून्य आलं तर फॉर्मने त्याला पुढच्या भागात न्यावं. तिसरा: ‘त्यांपैकी किती जणांच्या कानात प्रोब ट्यूब घालून आउटपुट मोजलं?’ आता तुझ्याकडे अंश आणि छेद दोन्ही आले. चौथा सगळ्यांत मोलाचा: ‘त्यांतला अगदी शेवटचा रुग्ण आठवा. त्याच्या बाबतीत यांपैकी काय काय केलं?’ खाली पर्याय: कंपनीच्या सॉफ्टवेअरने आपोआप दिलेलं पहिलं सेटिंग (फर्स्ट फिट) तसंच ठेवलं, रुग्णाला विचारून कमीजास्त केलं, एनएएल किंवा डीएसएल या सूत्रांनी दिलेल्या टार्गेटशी जुळवलं, साउंड फील्डमध्ये, म्हणजे स्पीकरसमोर बसवून, यंत्रासकट ऐकू येणारे किमान आवाज (एडेड थ्रेशोल्ड) घेतले. शब्द ‘शेवटचा’ हाच ठेव. ‘एखादा’ म्हटलंस की माणूस मनातला आदर्श रुग्ण काढतो.

ही पद्धत बाकी ठिकाणीही लावता येते. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाची टिंपॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची हालचाल पाहणारी तपासणी) १००० हर्ट्झ प्रोब टोनने करावी हे पुस्तकातलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. म्हणून ‘कोणता टोन योग्य?’ असं न विचारता ‘शेवटच्या बाळाला कोणता वापरला?’ असं विचार, आणि पर्यायांत ‘२२६’, ‘१०००’ यांच्या जोडीला ‘मशीनवर लावलेला होता तोच, कोणता ते पाहिलं नाही’ हेही ठेव. तो पर्याय छापलेला असला की प्रामाणिक उत्तराला जागा मिळते. स्पीच थेरपीच्या बाजूला ‘प्रमाणित चाचणी वापरता का?’ हा प्रश्न असाच फसवा. चाचणीचं नाव, ती पूर्ण घेतली की काही भाग, आणि कोणत्या भाषेत, हे तिन्ही हवं. ऐनवेळी तोंडी भाषांतर करून घेतलेली चाचणी प्रमाणित उरत नाही.

मोजता न येणाऱ्या निर्णयांसाठी छोटी केस लिहून दे. तीन-चार ओळी, वय, तक्रार, ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख), आणि मग ‘पुढची पायरी काय?’. डॉक्टरांवरच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा लेखी केसवरची उत्तरं केसपेपरवरच्या नोंदींपेक्षा प्रत्यक्ष तपासणीच्या जास्त जवळ आली होती. दोन केस पुरेत. पाच दिल्यास तर शेवटच्या तीन कुणी वाचणार नाही.

आता उत्तरं कोण देणार. पहिलाच प्रश्न ‘गेल्या ४ आठवड्यांत रुग्ण पाहिलेत का?’ हा असू दे. फक्त शिकवणारे तिथेच बाहेर पडतील. काही ठिकाणी एकाच पदवीवर माणूस वाचा आणि श्रवण दोन्ही कामं करतो, म्हणून पदनाम न विचारता दोन्हींचे आठवड्याचे तास वेगवेगळे विचार. आणखी एक गोष्ट सहसा निसटते. एकाच विभागातल्या सहा जणांनी फॉर्म भरला तर त्या विभागातलं एक मशीन सहा वेळा मोजलं जातं. सामग्री आणि प्रोटोकॉल या विभागाच्या गोष्टी आहेत, सवय ही माणसाची. विभागाला एखादा सांकेतिक क्रमांक दे आणि सामग्रीचं विश्लेषण विभागामागे एक उत्तर धरून कर.

नमुन्यासाठी तू ३८४ लिहिलंयस. हा आकडा सगळे उचलतात. तो अमर्याद मोठ्या समूहासाठी आहे, प्रमाण ५० टक्के धरून, ९५ टक्के विश्वास आणि ५ टक्के चूक गृहीत धरून. तुझ्या यादीत नोंदणी झालेले ६०० जण असतील तर ३८४ ला (१ + ३८३/६००) ने भाग, २३५ पुरतात. पण या हिशेबाला अर्थ आहे तो यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड केली तरच. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली की ती किती जणांपर्यंत गेली हेच कळत नाही, म्हणून प्रतिसादाचा दरही काढता येत नाही. तसं करावं लागलं तर सरळ ‘सोयीचा नमुना’ लिही. यादी मिळत असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र लिंक, आठवड्याने एक आठवण, तिसऱ्या आठवड्यात दुसरी. ज्यांनी भरलं नाही त्यांचा अनुभव आणि कामाचं ठिकाण यादीतून घेऊन भरणाऱ्यांशी ताडून बघ. तेवढी माहिती यादीत नसेल तर आठवणीनंतर भरणाऱ्यांची उत्तरं आधीच्यांशी ताड.

तज्ज्ञांकडून कंटेंट व्हॅलिडिटी, म्हणजे प्रश्न विषयाला धरून आहेत का याची तपासणी, करून घेशीलच. सहापैकी पाच जणांनी प्रश्न समर्पक ठरवला तर निर्देशांक ०.८३ येतो, आणि ०.७८ च्या वर असला की चालतं. पण तज्ज्ञ सांगतो की प्रश्न विषयाला धरून आहे. वाचणाऱ्याला तो कसा कळला हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी रोज रुग्ण पाहणाऱ्या सहा-आठ जणांना समोर बसवून मोठ्याने विचार करत फॉर्म भरायला लाव. माझ्या मते तुझ्या अख्ख्या कामातला सगळ्यांत फलदायी दिवस तोच. क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) मात्र या प्रश्नांना लावू नकोस. तो एकच गुण मोजणाऱ्या प्रश्नांच्या संचासाठी आहे. मशीन असणं आणि मास्किंग (एक कान तपासताना दुसऱ्यात आवाज सोडून त्याला गुंतवणं) करणं यांनी एकमेकांशी जुळायचं कारणच नाही. स्थिरता पाहायची असेल तर दोन आठवड्यांनी काही जणांकडून तोच फॉर्म पुन्हा भरून घे आणि ‘कप्पा’ (दोन्ही वेळच्या उत्तरांचा मेळ दाखवणारा आकडा) काढ.

फॉर्मचं थोडक्यात. एथिक्स कमिटीची मंजुरी पायलटच्या, म्हणजे छोट्या पूर्वचाचणीच्या, आधी. १०-१२ मिनिटांत संपावा. ‘लागू नाही’ आणि ‘करत नाही’ हे दोन वेगळे पर्याय. प्रत्येक प्रश्न सक्तीचा केलास तर लोक काहीतरी टिक करून पुढे जातात किंवा खिडकी बंद करतात. ईमेल गोळा करण्याची सेटिंग बंद आहे ना, ते दोनदा बघ. नाव गुप्त राहील असं संमतिपत्रात लिहून ईमेल घेणं हा विश्वासघात आहे. मोबाइलवर स्वतः भरून पाहा, मोठे तक्ते तिथे अर्धे दिसतात.

निकाल लिहिताना प्रत्येक टक्क्याशेजारी छेद दे. ४० पैकी २४ जण म्हणजे ६० टक्के, पण ९५ टक्के विश्वासाचा पट्टा साधारण ४५ ते ७४ असा रुंद आहे. तो छापलास की ‘बहुसंख्य’ हा शब्द आपोआप हातचा सुटतो. तुलना कोणत्या तीन करायच्या ते डेटा उघडण्याआधी लिहून ठेव, कारण वीस चाचण्या केल्या तर फरक नसतानाही सरासरी एकीचं पी-मूल्य ०.०५ च्या खाली जातं आणि फरक असल्यासारखं दिसतं. ऑनलाइन सर्व्हेसाठी २००४ पासून ‘चेरीज’ ही तपासयादी आहे. पान किती जणांनी उघडलं, किती जणांनी भाग घेतला आणि किती जणांनी पूर्ण केलं, ही तीन प्रमाणं ती वेगळी मागते. आणि क्रियापद सांभाळ: ‘६० टक्के करतात’ नाही, ‘६० टक्क्यांनी केल्याचं सांगितलं’.

आधी १७ वा प्रश्न नव्याने लिही आणि दोघा-तिघांकडून समोर भरून घे. वाचताना माणूस कुठे थांबतो, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचतो, ते समासात पेन्सिलीने टिपून ठेव. तो कागद समासातल्या खुणांसकट मला पाठव. उरलेले ४१ त्यानंतर बघू.